बालकांचा संधिवात : पहिले सहा आठवडे

संधिवात हा उतारवयाचा रोग, अशी समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. खेदाची गोष्ट अशी की, ती वैद्यकव्यवसायातही पुष्कळ ठिकाणी आढळते. आठ वर्षांचा मुलगा सकाळी लंगडत चालतो म्हटले, की घरात ‘कुठेतरी पडला असेल’, शाळेत ‘कंटाळा करतो’ आणि दवाखान्यात ‘कॅल्शियम कमी आहे’ अशी उत्तरे मिळतात. यांपैकी एक उत्तर मिळाले, की सांध्याला हात लावून पाहण्याचे राहूनच जाते. प्रस्तुत लेखात आम्हांस जे मांडावयाचे आहे ते थोडक्यात असे : ग्रामीण भागात बालकाचा सुजलेला सांधा प्रथम पाहतो तो बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर. त्या बालकाचे हृदय, डोळे आणि पाय पुढे शाबूत राहतील की नाही, हे बऱ्याच अंशी त्या वैद्याने पहिल्या सहा आठवड्यांत काय केले आणि काय केले नाही, यावर ठरते. विशेषज्ञ रुग्णालयाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु तिकडे जाणारी वाट आपल्या दारावरूनच जाते.

वाट किती लांबची

आम्ही ज्या परिसरात व्यवसाय करतो तो मानोरा तालुक्यातील इंझोरीचा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, आणि २०२४ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तोपर्यंत गंभीर रुग्णास अकोला, यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूर गाठावे लागे. अनेक रोगांसाठी आजही लागते. बालकांच्या संधिवाताचे स्वतंत्र शिक्षण घेतलेले तज्ज्ञ तर मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांतच एकवटलेले आहेत. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, मुलाला कडेवर घेऊन नागपूरपर्यंत जाणे म्हणजे काय, हे या भागातील प्रत्येक वैद्य जाणतो. म्हणूनच ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ एवढे तोंडी सांगून मोकळे होणे पुरेसे नाही. कोणाला, केव्हा आणि कशासाठी दाखवावयाचे, हे आपणांस नेमके सांगता आले पाहिजे.

या प्रश्नाशी आपला संबंध केवळ खाजगी दवाखान्यापुरता नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात आणि आपल्या राज्यात त्यांत बीएएमएस पदवीधरांचा भरणा मोठा आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी ते करतात. केंद्रीय मार्गदर्शिकेतील ३० स्थितींच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे. दीर्घकालीन बालसंधिशोथ मात्र त्या यादीत नाही. शिवाय ज्याचे सांधे सकाळी आखडतात ते मूल नेमके तपासणीच्या दिवशी गैरहजर असण्याचा संभव अधिक. यास्तव पथकातील आमच्या बंधुभगिनींनी हजेरीपटावर वारंवार गैरहजर दिसणाऱ्या मुलांची चौकशी शिक्षकांकडे आवर्जून करावी.

लंगडणारे मूल : कोणता रोग, किती घाई

बालकाचा दुखरा सांधा म्हणजे एक रोग नव्हे. आम्ही त्याचे चार गट मनाशी धरतो.

पहिला गट त्याच दिवशी रुग्णालयात पाठविण्याचा. तीव्र ज्वर, एकच सांधा लाल, गरम, आणि मूल तो मुळीच हलवू देत नाही, तर सांध्यात पू होत असण्याची शक्यता धरावी. येथे काढा नाही, लेप नाही आणि उद्याचा दिवसही नाही.

दुसरा गट संधिज्वराचा, म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हरचा. ५ ते १५ वर्षांच्या वयात, घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी तो उद्भवतो. गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक धरतात व सुटतात. सांधे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपा होतीलच असे नाही. आचार्य माधवांनी माधवनिदानात आमवाताच्या वाढलेल्या अवस्थेची लक्षणे सांगताना हृद्ग्रहाचा उल्लेख केला आहे. दोन्ही रोग एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही; परंतु सांध्याच्या रुग्णाचे हृदय तपासल्याशिवाय त्यास सोडू नये, ही शिकवण आपल्याला नवी नाही. अशा बालकाचा इकोकार्डिओग्राम झालाच पाहिजे. निदान निश्चित झाल्यावर दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन किमान पाच वर्षे, आणि हृदयास इजा झालेली असल्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ घ्यावे लागते. सांधे दुखेनासे झाले की पालक ही इंजेक्शने बंद करतात. मग संधिज्वर पुन्हा उलटतो आणि प्रत्येक वेळी झडप अधिक बिघडते. ऱ्हुमॅटिक हृदयरोगाकडे जगाने लक्ष द्यावे असा ठराव जागतिक आरोग्य सभेने २०१८ साली केला. त्या ठरावाचे आपल्या गावातील रूप म्हणजे ही तीन आठवड्यांची तारीख मोडू न देणे.

तिसरा गट ज्यास आधुनिक शास्त्र जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणते त्याचा. १६ वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा आठवड्यांहून अधिक टिकलेला आणि दुसरे कारण न सापडलेला संधिशोथ, अशी त्याची व्याख्या आहे. मूल सकाळी उठताना आखडलेले असते, उकिडवे बसू शकत नाही, कडेवर घ्या म्हणते. दुपारी मात्र खेळताना दिसते. त्यामुळे ‘सोंग करतो’ असा शिक्का बसतो. काही प्रकारांत महिनोन्महिने ज्वर व अंगावर पुरळ असते. मोठ्या मुलग्यांत टाच व कंबर धरते. हा प्रकार आपल्या देशातील रुग्णालयांत बराच दिसतो. लहान मुलींत एखादाच गुडघा सुजतो, फारसा दुखतही नाही, आणि त्याच वेळी डोळ्याच्या आत शोथ चालू असतो. डोळा लाल होत नाही, मूल तक्रार करीत नाही, आणि कळते तेव्हा दृष्टी गेलेली असते. हा शोथ स्लिट लॅम्पखालीच दिसतो. दीर्घकाळ सुजलेल्या गुडघ्याचा पाय दुसऱ्या पायापेक्षा लांब वाढू शकतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

चौथा गट संधिवाताचा वेष घेऊन येणाऱ्या रोगांचा. विदर्भात सिकलसेलचा विचार केल्यावाचून बालकाच्या हाडादुखीचे निदान पूर्ण मानू नये. रात्री झोपेतून उठविणारी हाडांची वेदना, फिकेपणा आणि वजनातील घट असेल, तर रक्ताच्या कर्करोगाची शंका घेतलीच पाहिजे. सांध्याचा क्षयही या भागास अपरिचित नाही. याउलट संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पाय दुखणे, सकाळी मूल ठणठणीत, लंगडणे नाही, सूज नाही, ही बहुधा वाढीच्या वयातील निरुपद्रवी वेदना असते. तिचा बाऊ करू नये.

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात वेदनाध्याय आहे. ज्या बालकास बोलता येत नाही त्याच्या हालचालींवरून वेदनेचे स्थान व रोग कसा ओळखावा, हा त्याचा विषय. कौमारभृत्याचा हा वारसा सांगणाऱ्या वैद्याने मुलाला टेबलावर नुसते झोपवून तपासू नये. त्याला चालवावे, उकिडवे बसवावे, मूठ वळावयास सांगावी, दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवून उष्णता ताडून पाहावी. यास पाच मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही.

अहवालांचा चकवा

दोन रक्ततपासण्यांविषयी येथे लिहिणे अवश्य आहे. ‘आरए फॅक्टर’ नकारार्थी आला म्हणून मुलाला संधिवात नाही असे सांगितले जाते. वस्तुतः संधिशोथ असलेल्या बहुसंख्य बालकांत ही तपासणी नकारार्थीच असते. दुसरी ‘एएसओ’. ती वाढलेली असणे म्हणजे घशाचा संसर्ग मागे होऊन गेल्याची केवळ खूण. पाय दुखणाऱ्या मुलाचा एएसओ वाढलेला दिसला म्हणून त्यास वर्षानुवर्षे पेनिसिलिन टोचणे जितके चूक, तितकेच खरा संधिज्वर असताना ते न देणे चूक. निदान सांध्यावरून आणि हृदयावरून होते. प्रयोगशाळेचा कागद साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

बिननावाची पुडी

आता औषधी विक्रेते व निर्मातेबंधूंसाठी चार शब्द. ते कटू वाटल्यास क्षमा असावी.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सहा वर्षांची एक मुलगी आली. उजवा गुडघा पाच महिन्यांपासून सुजलेला. दुसऱ्या एका गावाहून ‘वाताच्या’ कागदी पुड्या आणलेल्या. त्यांवर ना नाव, ना घटक. पुडी दिली की दोन तासांत मुलगी पळू लागे, न दिली की तिसऱ्या दिवशी उठता येत नसे. चेहरा गोल झालेला, पोट सुटलेले, उंची खुंटलेली. अशी चूर्णे ओळखावयास वैद्यास प्रयोगशाळा लागत नाही. वनस्पतींचे कोणतेही चूर्ण दीर्घ संधिशोथ दोन तासांत उतरवीत नाही. आम्ही पुड्या एकाएकी बंद केल्या नाहीत. पुड्यांसह मुलीला सविस्तर पत्र देऊन वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात पाठविले. तेथे डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा एका डोळ्यात शोथ सापडला. तो वेळीच सापडला, एवढेच समाधान.

डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही औषधे वाईट आहेत असे नाही. विशेषज्ञ ती वापरतात. परंतु मोजून, ठराविक काळ आणि उतरत्या मात्रेने. न सांगता चूर्णात मिसळलेले स्टेरॉइड बालकाची वाढ खुंटविते, हाडे पोकळ करते, क्षय चेतविते, आणि रक्ताचा कर्करोग असल्यास काही काळ त्यावर पडदा टाकून निदान लांबविते. ते अचानक थांबविल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणून असे मूल आढळल्यास ‘आजपासून सर्व बंद’ असा सल्ला आपणही देऊ नये. आयुर्वेदाच्या नावाखाली असे मिश्रण विकणे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार गुन्हा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की अशी प्रत्येक पुडी शुंठी, एरंड आणि गुग्गुळ यांच्या नावावर खपते आणि तिचे पाप या द्रव्यांच्या माथी बसते.

आपल्या शास्त्रोक्त कल्पांबाबतही सावधता हवी. आमवातारि रसात पारद आहे, वातविध्वंस रसात वत्सनाभ आहे. ही द्रव्ये त्याच कायद्याखालील नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये येतात व अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असावी लागते. सहा वर्षांच्या मुलासाठी असे कल्प चिठ्ठीवाचून देणे, किंवा प्रौढाच्या गोळीचा अर्धा तुकडा करून देणे, कोणत्याही विक्रेत्याने टाळावे. तसेच विशेषज्ञांनी दिलेले मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते विषासमान ठरते. ज्यांच्या दुकानात दोन्ही प्रकारची औषधे मिळतात त्यांनी वाराचे नाव पाकिटावर मराठीत ठळक लिहून द्यावे.

‘मग आमवाताची चिकित्सा कोणी करावयाची?’

हा प्रश्न आम्हांस सहकारी विचारतात आणि तो रास्त आहे. रुग्ण नागपूरला पाठविला की तो गेलाच, गावात वैद्याची पत जाते, गरीब पालक तेथे पोचत नाहीत, आणि लंघन, स्वेदन, दीपन, विरेचन, बस्ती या चक्रदत्तोक्त क्रमाने गुण येतो हा आपला अनुभव मग कोठे ठेवावयाचा, असे त्यांचे म्हणणे असते.

गुण येतो हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वेदना शमणे आणि शोथ शमणे यांत अंतर आहे. डोळ्यातील शोथ नाडीवरून कळत नाही व झडपेची गळती भूक सुधारल्याने थांबत नाही. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांचे कार्य येथे लक्षात घ्यावे. १९९६ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी घरोघरी जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची संधिविकारांसाठी पाहणी आरंभिली. आणि आयुर्वेदीय कल्पांच्या नियंत्रित चाचण्याही प्रौढ संधिरुग्णांवर केल्या. आयुर्वेदास तपासणीचे भय नाही, हे त्यातून दिसले. मात्र ती पाहणी आणि त्या चाचण्या प्रौढांच्या. त्यांचा आधार घेऊन बालकाच्या संधिशोथावर एकट्याने चिकित्सा चालविणे शास्त्रास धरून नाही.

विशेषज्ञ रुग्णालय तरी काय करते, तेही पाहावे. इंग्लंडमधील टॅपलो येथे १९४७ साली बालकांच्या संधिविकारांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. डॉ. एरिक बायवॉटर्स व पुढे डॉ. बार्बरा अँसेल यांच्या नावांशी तो निगडित आहे. आरंभी तेथे संधिज्वराची मुले असत. तो रोग त्या देशात ओसरत गेला, तसा दीर्घ संधिशोथाच्या मुलांकडे विभागाचे लक्ष वळले, आणि या मुलांना प्रौढांच्या वॉर्डातील एक खाट पुरत नाही, हे तेथील कामाने जगास दाखविले. आज अशा रुग्णालयात सांध्याचे तज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि व्यायामोपचारतज्ज्ञ एकाच मुलाला मिळून पाहतात. गरज पडल्यास सांध्यात इंजेक्शन, आठवड्याचे मेथोट्रेक्सेट, त्याने न भागल्यास जैविक औषधे, असा क्रम असतो. पूर्वी चाकाच्या खुर्चीवर आयुष्य काढणारी अनेक मुले आज या उपचारांमुळे शाळेत धावतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झडपांच्या शस्त्रक्रियेसारख्या प्रसंगी आधार देते. परंतु ती मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांची योजना आहे. महिन्याच्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि एस.टी.चे भाडे यांचा भार कुटुंबावरच राहतो, आणि औषध सुटते ते बहुधा येथेच.

येथेच वैद्याचे दुसरे काम सुरू होते. दोन भेटींच्या मधले तीन महिने मूल आपल्याच गावात असते. इंजेक्शनची तारीख चुकली का, गोळी कोणत्या वारी घेतली, ताप आला का, सांधा पुन्हा सुजला का, डोळ्यांची तपासणी केव्हा आहे, हे आपणच पाहू शकतो. अग्नी, मलशुद्धी, आहार आणि निद्रा यांचे पथ्य सांगण्यात आपला हात कोणी धरणार नाही. सूज गरम असताना गावात तेल चोळण्याची घाई होते. साम अवस्थेत स्नेह वर्ज्य, रुक्ष वालुकास्वेद योग्य, हे आपलेच शास्त्र सांगते. तेवढे पालकांना पटविले तरी बालकाचा त्रास वाचतो. आपण कोणतेही औषध जोडले तर ते विशेषज्ञांना लेखी कळवावे. मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृताच्या तपासणीचा अर्थ लावावयास त्यांना ते ठाऊक असणे आवश्यक असते. अशा रीतीने पाठविलेला रुग्ण वैद्यापासून तुटत नाही. आमचा अनुभव तर असा, की तो आणखी दोन घरे घेऊन परत येतो.

संघटनेस काही सूचना

१. बालकाच्या सांध्याची सूज दोन आठवड्यांत न उतरल्यास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे आणि सहा आठवडे ओलांडू देऊ नयेत, असा संकेत सर्व सभासदांनी पाळावा. ज्वर, हृदयाची धडधड, दम किंवा फिकेपणा असल्यास दोन आठवडेही थांबू नये.

२. संघटनेने एक पानाचे पाठवणी-पत्र छापून सभासदांस द्यावे. त्यात सुरुवातीची तारीख, धरलेले सांधे, सकाळचे आखडणे, दिलेली सर्व औषधे व ‘डोळ्यांची आणि हृदयाची तपासणी व्हावी’ ही विनंती असावी.

३. बिननावाचे, बिनघटकाचे वातचूर्ण ठेवणार नाही, असा फलक प्रत्येक सभासद विक्रेत्याने दुकानात लावावा.

४. दीर्घ बालसंधिशोथाचा समावेश राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत व्हावा, तसेच वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालकांच्या संधिविकारांसाठी ठराविक दिवशी बाह्यरुग्ण तपासणी व स्लिट लॅम्पची सोय एकाच ठिकाणी मिळावी, यासाठी शासनास निवेदन द्यावे. इंझोरीच्या मुलाला नागपूर परवडत नाही, वाशीम परवडते.

वरील सूचनांपैकी पहिल्या तीन गोष्टींस शासनाची परवानगी लागत नाही, निधीही लागत नाही. चौथीसाठी पाठपुरावा करावा लागेल आणि त्यास काळ जाईल. तोवर पहिल्या तीन आपण सुरू करू शकतो. संघटनेच्या पुढील बैठकीत पाठवणी-पत्राचा नमुना आम्ही सादर करणार आहोत. वाचक सभासदांनी त्यापूर्वी आपापल्या दवाखान्यातील बालरुग्णांचा अनुभव संपादकांकडे लिहून पाठवावा, ही नम्र विनंती.